अजिनाथच्या नावावरचा आजार

वर्षाराणीला राग आला की ती आधी प्रिंटरला मारते. मला ते भिंतीतून ऐकू येतं. पाटोद्याच्या स्टँडमागच्या गल्लीत माझं मेडिकल आणि तिची रक्त-लघवी तपासायची लॅब यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही ठेकेदारानं सिमेंट वाचवून बांधलेली. प्रिंटर धपकन वाजला की मी समजतो, आज कुणाच्या तरी नावानं शिमगा होणार. थोड्या वेळानं ती माझ्या काउंटरला येते, "मुंजाजीभाऊ, जरा पाणी द्या," म्हणते, आणि पाण्याचा पेला हातात तसाच धरून बोलायला लागते.

मी तिचा नातेवाईक नाही. शेजारचा दुकानदार, एवढंच. पण या बाईविषयी कुणीतरी नीट लिहायला पाहिजे असं मला यंदाच्या हंगामापासून वाटतंय. कारण तिच्याविषयी जे लिहिलं गेलंय ते एका सरकारी पडद्यावर आहे, आणि ते असं : 'पुरवठादाराच्या माहितीचा दर्जा असमाधानकारक.' ते वाचून माझं टाळकं सणकलं. असमाधानकारक म्हणे! ज्यानं ते लिहिलं त्यानं वर्षाराणीला पाहिलेलं नाही, पाटोदा पाहिलेलं नाही आणि उसाचा फड तर नाहीच नाही.

तिचे आईबाप ऊसतोडीचे. आमच्या भागात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम कारखान्याला माणसं मोजून देत नाही, कोयते मोजून देतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते. गडी एकटाच आला तर तो अर्धा कोयता. कोयत्याला नाव असतं ते नवऱ्याचं, फोन असतो तोही नवऱ्याचा. बाईचं नाव कुणी विचारत नाही आणि विचारलंच तर तीच पदर तोंडाला लावून हसते. वर्षाराणी अशाच एका कोयत्याची लेक. आईबाप कारखान्यावर गेले की ती गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची. पुढं अंबाजोगाईला राहून तिनं लॅबचा कोर्स केला आणि आमच्या गल्लीत हे शटर उघडलं.

तिच्या आईची, दगडाबाईची, एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका हंगामात दगडाबाईचं पोट दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी निदान केलं होतं, ते कागदावर होतं, आणि ते कागद कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भिजून त्यांचा लगदा झाला. तिकडच्या डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या वर्षी कारखाना वेगळा, डॉक्टर वेगळा, पुन्हा पहिल्यापासून. एकाच दुखण्यापायी त्या बाईचं पोट दोनदा उघडलं. आता ती लेकीच्या लॅबमध्ये बाकावर बसून असते, आणि कुणी सुईला घाबरलं की म्हणते, "एवढ्याशा टोचण्याला काय भेतीस बाय? माझं बघ," आणि पोटाकडं बोट दाखवते. घाबरलेलं माणूस आणखी घाबरतं.

तर देशाचं आरोग्य-माहितीचं जाळं आमच्यापर्यंत आलं ते असं. आधी त्यात मोठी सरकारी रुग्णालयंच होती. मग वरून ठरलं की माहिती देणारे वाढवायचे. खासगी लॅबा, एका खोलीतले दवाखाने, माझ्यासारखी मेडिकलं, सगळ्यांना आत ओढा. बीडला एका हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. कुठल्याशा कंपनीचा गुळगुळीत दाढी केलेला माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता. "रुग्ण देशात कुठंही जाऊ द्या," तो म्हणाला, "त्याची माहिती त्याच्या आधी तिथं पोचलेली असेल." आम्ही सगळे जेवायला कधी सोडतायत याची वाट बघत होतो. एकटी वर्षाराणी पापणी न हलवता बघत होती.

परत येताना एसटीत ती म्हणाली, "भाऊ, माझ्या मायच्या टायमाला हे असतं ना, तर तिचं पोट दोनदा फाडावं लागलं नसतं."

मी तिला समजावलं. "वर्षा, हे हात दाखवून अवलक्षण आहे. माहिती आपली, मेहनत आपली, नेटचं रिचार्ज आपलं, आणि टाळ्या त्यांना. सक्ती होईपर्यंत गप बस." पण ऐकेल ती वर्षाराणी कसली. तालुक्यातल्या खासगी लॅबांत सगळ्यात आधी तिनं नाव नोंदवलं. रेंज नसली की मोबाइल घेऊन स्टँडच्या पुलावर जाऊन उभी राहायची, पण त्या दिवसाचे अहवाल त्याच दिवशी चढवायची. येणाऱ्या प्रत्येक ऊसतोड बाईला सांगायची, "कागद हरवू दे, काळजी करू नको. आता सगळं वर हाय."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आसाराम मुकादम आपली टोळी घेऊन आला. टोळी निघायच्या आधी सगळ्यांची तपासणी करून माहिती जाळ्यात भरा, असा वरून हुकूम होता, आणि सरकारी दवाखान्यात रांग लागलेली म्हणून आसारामनं आपली माणसं वर्षाराणीकडं आणली. बाहेर ट्रॅक्टर सुरूच ठेवलेले. आसाराम दारात उभा राहून हाका मारत होता, "तानाजीचा कोयता! राधाकिशनचा कोयता! अजिनाथचा कोयता!" प्रत्येक हाकेला दोन माणसं आत यायची. नवरा नाव सांगायचा, मोबाइल नंबर सांगायचा. मग बायको पुढं यायची, आणि वर्षाराणीनं तिचं खातं उघडायला घेतलं की पडदा म्हणायचा, 'हा मोबाइल क्रमांक आधीच नोंदलेला आहे. अहवाल याच खात्यात जोडायचा का?'

बाईकडं दुसरा नंबर नाही. मागं रांग. बाहेर भोंगे. वर्षाराणीनं 'हो' दाबलं. प्रत्येक कोयत्याला 'हो' दाबलं.

आता शहाणा वाचक म्हणेल, दोन माणसं एका खात्यात? एवढं कळू नये? नाही कळत, बाबा. जन्मल्यापासून ज्यानं आपल्या आईबापाला 'एक' म्हणून मोजलेलं ऐकलंय, त्याला एका खात्यात दोघं दिसले तर ते खातं नीट भरलेलं वाटतं. उलट एकच माणूस दिसला असता तर तिनं विचारलं असतं, दुसरं कुठं गेलं?

अजिनाथच्या कोयत्यातलं दुसरं माणूस म्हणजे करिष्मा. विशीतली, काटक, बोलायला फटकळ. तिला बरेच दिवस खोकला होता. तिनं डबीत दिलेला बेडका वर्षाराणीनं काचेवर घेऊन तपासला आणि त्यात टीबी निघाला. टोळी निघायच्या आदल्या दिवशी वर्षाराणीनं अजिनाथला फोन करकरून करिष्माला परत बोलावलं आणि स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी पडदा उघडला. पडद्यावर अजिनाथ, पुरुष, टीबी. समोर करिष्मा. डॉक्टर इकडचेच. ते म्हणाले, "अजिनाथची मालकीण ना?" करिष्मा म्हणाली, "व्हय." झालं. गोळ्या मिळाल्या. इथं ती चूक कुणालाच दिसली नाही, कारण इथं ती चूक नव्हतीच.

माझ्या दुकानासमोरच उभं राहून वर्षाराणीनं तिला बजावलं, "रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी सोडायच्या न्हाईत. सहा महिन्यांत खंड पडला तर आजार निबर होतो, मग ह्या गोळ्यांना तो जुमानत न्हाई. हे पाकीट संपलं की तिकडच्या सरकारी दवाखान्यात जायचं. नुसतं नाव सांगायचं."

"अन् कागद?" करिष्मानं विचारलं.

"कागद भिजतात. हे भिजत न्हाई."

संक्रांत झाल्यावर अजिनाथचा फोन आला. तेव्हा वर्षाराणी माझ्या काउंटरलाच होती. तिनं फोनचा आवाज मोठा केला.

"ताई, हितले म्हणत्येत पेशंट तूच हायस."

"तू म्हंजे कोण?"

"मी, अजिनाथ. मलाच डबी दिली थुकायला. मी म्हणलं खोकला हिला हाय, तर सिस्टर म्हणली कॉम्प्युटरवर बाप्याचं नाव हाय, बाईचं न्हाई. हिला गोळ्या देता येत न्हाईत म्हणली."

"मग?"

"मग काय, मी घेतल्या माझ्या नावावर अन् दिल्या हिला. एकाच कोपीत ऱ्हातो की आमी."

मला हसू आलं. मी म्हणालो, "गडी हुशार आहे. चालू दे असंच." वर्षाराणीला हसू आलं नाही. फोन ठेवून ती लॅबमध्ये गेली आणि भिंतीतून प्रिंटरचा आवाज आला. आपण 'हो' दाबलं तेव्हा काय झालं होतं ते तिला तेव्हा कळलं. परत येऊन म्हणाली, "हे बरोबर न्हाई भाऊ. पण गोळी पोटात जातीय तिच्या. तोवर मी खातं सुधारून घेते."

खातं सुधारून घेते! जणू साडीला पिको करून आणायचा होता.

जाळ्यात चढवलेला अहवाल पुरवठादाराला, म्हणजे माहिती भरणाऱ्यालाच, बदलता येत नव्हता. एका खात्यात दुसरा अहवाल जोडता येत होता, पण जोडलेला काढून दुसऱ्याच्या नावावर करता येत नव्हता. मदतवाहिनीला फोन लावला की आधी गाणं, मग हिंदीत एक बाई, मग तक्रारीचा नंबर. दोन दिवसांनी संदेश यायचा, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे.' काय निकाली काढली, कुणी काढली? पुन्हा फोन, पुन्हा गाणं, ये रे माझ्या मागल्या. ते गाणं माझ्या दुकानातल्या पोरांनासुद्धा पाठ झालं.

इकडे हे चाललेलं असताना तिकडे अजिनाथची ठरलेली तपासणी झाली. त्याचा बेडका साफ. छातीचा फोटो साफ. माणूस खोंडासारखा ठणठणीत. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "तू गोळ्या खातोस का खरं सांग." अजिनाथनं खरं सांगितलं. खरं सांगून या देशात कुणाचं भलं झालंय? डॉक्टर भडकले. रुग्णाची औषधं दुसऱ्याला चारलीस म्हणून त्याला सगळ्यांसमोर झापलं. तरी माणूस वाईट नसावा, कारण त्यांनी करिष्माचाही बेडका तपासायला घेतला. पण तिनं तोवर दोन महिन्यांच्या वर गोळ्या खाल्लेल्या. तिचाही साफ आला.

म्हणजे बघा. अजिनाथला टीबी नाही, कारण तो त्याला कधी नव्हताच. करिष्माला टीबी नाही, कारण औषधानं तो दबायला लागला होता. जाळ्यात एक आजार होता आणि त्याला माणूस नव्हतं. डॉक्टरांनी खातं बंद केलं आणि शेरा मारला, 'मूळ निदान चुकीचे.' गोळ्या थांबल्या. त्यानंतर चार-आठ दिवसांत वर्षाराणीच्या पडद्यावर ते वाक्य आलं, 'पुरवठादाराच्या माहितीचा दर्जा असमाधानकारक,' आणि खाली तांबड्या अक्षरांत, 'चौकशी होईपर्यंत प्रवेश स्थगित.'

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! ज्या लॅबा महिन्याला एक अहवाल चढवायच्या आणि तोही डोळे झाकून, त्यांचे शेरे समाधानकारक. जिनं तालुक्यात सगळ्यात जास्त भरले तिला दार बंद.

"वर्षा, शेऱ्याला मार गोळी," मी म्हणालो, "लॅब काय जाळ्यावर चालते का?"

"शेऱ्याचं कोण बोलतंय?" ती माझ्यावरच खेकसली. "अर्धवट औषध झालंय तिचं. आता आतल्या आत परत उठंल ते, अन् उठंल तेव्हा निबर होऊन उठंल. तुमाला कळतंय ना भाऊ, तुमी मेडिकलवाले हाव ना?"

कळत होतं.

ती बीडला गेली, मलाही सोबत नेलं. जिल्ह्याचं काम बघणारा सत्यम नावाचा तरुण होता. पोरगा सरळ, कंत्राटावरचा. त्यानं आम्हाला चहा पाजला आणि वरच्या कुठल्यातरी तांत्रिक साहेबाला पडद्यावर बोलावलं. साहेब कुठल्या शहरात बसला होता देव जाणे. मागं काचेची भिंत दिसत होती. आपलं मराठी कच्चं आहे असं सांगून तो बऱ्यापैकी मराठी बोलला.

"मॅडम, एका खात्यात दोन व्यक्ती कशा?"

"साहेब, एका कोयत्यात दोघंच असतात."

"सिस्टिममध्ये कोयता असा प्रकार नाही."

"सिस्टिममध्ये न्हाई, पण आमच्यात हाय. नवरा-बायको मिळून एक मोजतात. नंबरही एकच असतो."

"प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र क्रमांक अपेक्षित आहे."

"अपेक्षित हाय, पण बायांकडं फोन न्हाईत!"

साहेबानं खाली काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, उपाय आहे. वर्षाराणीनं लिहून द्यायचं की टीबीचा तो अहवाल चुकून चढवला गेला. मग तो काढून टाकता येईल, अजिनाथचं खातं स्वच्छ होईल आणि तिचा प्रवेशही लगेच सुरू होईल.

"अन् करिष्माचा आजार कुटं जाईल?"

"नोंदीत तो नव्हता असं धरलं जाईल."

"पण होता! मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय काचेवर. मी खोटं लिहून दिऊ?"

"मग तुम्ही थांबा. खातं विभागण्याची सोय पुढच्या आवृत्तीत विचाराधीन आहे."

वर्षाराणीनं लिहून दिलं नाही. मी गाडीत तिच्याशी भांडलो. म्हणालो, सही कर, तुझं दार उघडेल, मग तिचं नवं खातं काढ. ती म्हणाली, "नव्या खात्यात टाकू काय? बेडका साफ हाय तिचा. होता तेवढा एकच पुरावा, तो मीच खोटा म्हणू?" तिचं बरोबर होतं, आणि त्याचा मला आणखीच संताप आला. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. बरोबर असलेल्या माणसाबरोबर बसून नुसतं चडफडावं लागतं.

मी इथल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला औषधांचं कपाट उघडून दाखवलं. "मुंजाजी, गोळ्या ह्या अशा समोर हायत. पण खातं बंद. एक पाकीट काढलं तरी वर दिसतं, अन् कुणाला दिलं ते नाव मागतं. नाव काय घालू?" तरी माणसानं माणुसकी केली. उपचार पुरे व्हायच्या आधीच वारलेल्या एका म्हाताऱ्याची पाकिटं त्याच्या घरच्यांनी परत आणून दिली होती, ती कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. कारखान्याच्या वाटेनं जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडं मी ती धाडली. ती पुरून किती पुरणार?

मग करिष्मालाच इकडं आणावं म्हणून वर्षाराणीनं आसाराम मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ती आली तर अजिनाथ अर्धा कोयता ऱ्हाईल. मी कारखान्याला काय सांगू? अन् कशापायी आणायची तिला? तुमचा कॉम्प्युटरच म्हणतोय तिला काय बी न्हाई म्हून." आजवर त्या कॉम्प्युटरचं कौतुक आम्हीच त्याला सांगत आलो होतो.

करिष्मा स्वतः तर आनंदात. "ताई, खोकला पार गेलाय. डबल मोळी उचलती मी आता. तुमी लई काळजी करता." वर्षाराणी फोनवर तिला ओरडायची, समजवायची, मग तिच्या नवऱ्याला ओरडायची, मग फोन ठेवून माझ्यावर घसरायची. मी ऐकून घ्यायचो. दगडाबाई बाकावरून म्हणायची, "अगं, जीव जाळून काय होतंय?" पण रोज संध्याकाळी तीच आधी विचारायची, "त्या पोरीचा फोन आलता का?"

होळीच्या सुमाराला सत्यमचा फोन आला. आवाज अगदी फुललेला. नवी आवृत्ती आली होती. आता खातं विभागता येत होतं, आणि एका नंबरवर घरातली जास्त माणसंही बसत होती. वर्षाराणीची स्थगिती उठली होती. "मॅडम, तुमच्याच तक्रारीमुळं झालं हे. वरच्या बैठकीत 'बीडची अडचण' म्हणून घेतलं होतं." बैल गेला आणि झोपा केला! वर्षाराणीनं थेट विचारलं, "मग करिष्माचा जुना अहवाल तिच्या नावावर करता येतो का?" तो चाचरला. बंद झालेली खाती विभागता येत नव्हती. फक्त चालू असलेली.

त्या वेळी तिनं प्रिंटरला मारलं नाही. फोन बाजूला ठेवला आणि ओट्यावर धुतलेल्या काचा पुन्हा धुवायला घेतल्या. मला ते मारण्यापेक्षा वाईट वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी करिष्मा आली. कारखान्याचा पट्टा अजून पडायचा होता, म्हणजे हंगाम संपला नव्हता, आणि टोळी तिकडंच होती. ती एकटी एसटीनं आली आणि स्टँडवरून घरी न जाता, गाठोडं घेऊन, आधी लॅबमध्ये आली. मी दुकानातून तिला जाताना पाहिलं आणि ओळखलं नाही. काटक पोर ती, आता गालफाडं बसलेली. पायरी चढताना तिला जो खोकला लागला तो मला भिंतीतून ऐकू येत राहिला. दगडाबाईनं बाकावरून उठून तिला जागा दिली.

मी शटर अर्धं ओढून तिकडं गेलो. तिनं डबी भरून दिली होती. वर्षाराणी मायक्रोस्कोपवर वाकलेली. काच इकडं सरकव, तिकडं सरकव, बराच वेळ. मग मान वर न करता म्हणाली, "भाऊ, बघा." मी डोळा लावला. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण निळ्यावर तांबड्या बारीक काड्या मलासुद्धा दिसल्या. एक-दोन नव्हत्या. जिकडं बघावं तिकडं होत्या.

आम्ही सगळ्यांनी, डॉक्टरांनी, सत्यमनं, त्या काचेच्या भिंतीपुढच्या साहेबानं, एवढे महिने धावपळ केली, आणि निघालं काय तर हे.

वर्षाराणी कॉम्प्युटरपुढं बसली. नवं खातं. नाव, करिष्मा. स्त्री. नंबर विचारल्यावर करिष्मानं सवयीनं अजिनाथचा सांगायला तोंड उघडलं. "थांब," वर्षाराणी म्हणाली. ड्रॉवरमधून तिनं आपला जुना मोबाइल काढला, त्यात तिचं जुनं सिम होतं. तो करिष्माच्या हातात दिला. "हा तुझा. ह्याचा नंबर घालते." मग अहवाल चढवला. या वेळी पडद्यानं काहीच अडवलं नाही. ना नाव खटकलं, ना नंबर. हिरवी अक्षरं आली, 'नोंद यशस्वी. रुग्ण औषधोपचारास पात्र.'

करिष्मा उठून पडद्याजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण तिला ऐकायचं होतं.

"आलं का वो ताई?"

"आलं."

"बाप्याच्या नावावर न्हाई ना?"

"न्हाई. तुझ्याच नावावर."

त्या पोरीचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी समोर होतो. तिनं पडद्याला हात जोडले आणि दगडाबाईकडं वळून म्हणाली, "आलं बाई यकदाचं! लई वनवास झाला." मग हातातल्या त्या फोनवरून तिनं नवऱ्याला फोन लावला. खोकत, हसत, मध्येच दम घेत ती सांगत होती, "आवो, निघाला! माझ्याच नावावर निघाला टीबी. आता कुनी न्हाई म्हणनार न्हाई. मी गोळ्या घिऊन येतेच की परवा. मुकादमाला सांगा, कोयता मोडत न्हाई म्हणावं."

वर्षाराणीला तिला सांगायचं होतं की परवा कुठंही जाता येणार नाही. आजार निबर झालाय की काय ते आधी अंबाजोगाईला तपासावं लागेल, आणि झाला असेल तर या गोळ्या आता उपयोगाच्या नाहीत. ती खुर्चीवरून उठली, करिष्माच्या जवळ गेली, आणि तिचं फोनवरचं हसणं संपायची वाट बघत उभी राहिली.